शाबीचा तळपाय

बांबोळीला, तिसऱ्या मजल्यावर, जेवून आल्यावरची पहिली काच.
आगरवाडा. स्त्री. वय एकसष्ट. डावा तळपाय.
मिठागरातली आहे हे कागदावर नव्हतं,
पण इतकी जाड कातडी
मिठावर चालल्याशिवाय येत नाही.

वॉर्डातल्या मुली म्हणतात, ऊन लागलं असेल.
उन्हाने शाबीचा चेहरा पाहिला, मान, मनगटं,
चाळीस वर्षांचे मार्च-एप्रिल-मे पाहिले.
तळपाय तेवढा त्याने कधी पाहिला नाही.
तिथे चिखल होता, खारं पाणी होतं, आणि शाबीचं वजन,
डोक्यावरच्या टोपलीसकट.
डाग सुपारीएवढा झाला तेव्हा ती म्हणाली,
गेल्या साली कुर्ली चावली होती, तिचाच वण असेल.

कुर्ली.
माझा बाप खाजनाच्या बांधावर कंदील घेऊन फिरायचा.
भरतीच्या आधी मानशीच्या फळ्या बसल्या का बघायचा,
मग वाकून बांधाला कान लावायचा.
कुर्लीचं भोक बोटाएवढं, म्हणायचा,
पण नदी त्याच बोटाला धरून आत येते.
ओल्या चिखलाचा गोळा, पेंढा, वर टाच.
भोक बुजलं की बिडी.

भिंगाखाली मी तेच बघते.
जांभळे ठिपके, मोहरीएवढे,
गाठीच्या काठावर ओळीने उभे.
आत शिरलेले मोजून सात.
बाकीचे दमले असावेत. दमणं काचेवर दिसत नाही,
एवढंच दिसतं की ते उभे आहेत
आणि काही होत नाही.

आणि त्या मोठ्या, पोटभर पेशी,
शाबीचाच काळा रंग गिळून बसलेल्या.
भक्षक म्हणतो आम्ही त्यांना.
त्या धावून आल्या होत्या, यात खोट नाही.
त्यांना वाटलं, जखम आहे.
जखमेला काय लागतं? रक्त लागतं, रक्ताला नव्या वाटा लागतात,
थोडी शांतता लागते, की बाबांनो मारामारी पुरे, भरून येऊ दे.
ते सगळं त्यांनी आणून दिलं.
चिखल आणला, पेंढा आणला, टाचेने दाबला,
आणि बांध समजून लिंपत राहिल्या
ते कुर्लीचं घर.

बापाला हे सांगितलं असतं तर रागावला असता.
मग गप्प झाला असता.
एका अमावास्येला त्याने भोक समजून
आमच्याच शेताचा पाट बुजवला होता.
पाणी आत कोंडलं. कोरगुट कुजलं.
कोमुनिदादने दंड केला.
तीन आठवडे तो घरात बोलला नाही,
फेरी मात्र एका रात्रीची चुकवली नाही.

अहवालात मी लिहिलं: खोली तीन पूर्णांक दोन. व्रण आहे.
काठावर पेशी, विरळ.
विरळ हा आमचा शब्द. त्यात कंदील नाही.
कोण कुणाला मदत करतंय
हे निळ्या-गुलाबी रंगात कळत नाही.
नवं औषध आहे, डॉक्टर शिरवईकर म्हणाले,
ते गाठीला शिवत नाही,
उभ्या ठिपक्यांच्या खांद्यावरचा हात तेवढा काढतं.
काहींना लागू पडतं. तळपायाच्या गाठीत कमी.
किंमत मी विचारली नाही.
शाबीचा मुलगा जिन्यात मोबाईलवर
कुणाला तरी तीच सांगत होता, दोनदा, शून्यं मोजून.

ती बाकावर बसली होती, पाय पांढऱ्या पट्टीत.
तूच ना गो काच बघणारी? कितें दिसलें?
काय सांगणार.
म्हटलं, राखणारे दिसले. आलेत. उभे आहेत.
उभे कशाक? ती म्हणाली,
आगरात नुसतं उभं राहून मीठ भरत नाही.

मग बाकाखाली गेलेली चप्पल काढून द्यायला सांगितली.
उजवीच. डावी तिने आणली नव्हती.